स्वयंसेवकाची सुट्टी कोणाच्या अंगणात?

परदेशातून गोव्यात स्वयंसेवेसाठी आलेली मुले संध्याकाळी समुद्रावर दिसतात, रविवारी जत्रेत दिसतात, नाताळात कोणाच्या तरी घरी जेवताना दिसतात. म्हणून त्यांची सेवा खोटी, असा युक्तिवाद आमच्याकडे मोठ्या आवाजात केला जातो. चहाच्या हॉटेलात, ग्रामसभेनंतरच्या गप्पांत तोच सूर. त्यावर दिले जाणारे उत्तरही तितकेच तोकडे: पाहुणे आहेत, पदरचे पैसे खर्चून येतात, चार कामे करतात, तुमचे काय जाते? एकाला मौजेत पाप दिसते, दुसऱ्याला मौजेचा विषयच नको असतो. दोघेही धरून चालतात की काम तेवढे खरे आणि मोकळा वेळ ही त्यातली भेसळ. मला हे गृहीतच मान्य नाही. स्वयंसेवकाने फावल्या वेळात गावाचा हिवाळा मनसोक्त अनुभवावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट, ज्याची प्रत्येक संध्याकाळ आपल्यासारख्याच पाहुण्यांच्या घोळक्यात जाते, त्याच्या दिवसभराच्या कामावर मी कमी विश्वास ठेवीन. त्याने मौज किती केली हे मोजून काही हाती लागत नाही. ती कोणाच्या अटींवर केली हे विचारले पाहिजे, आणि ते त्याच्याइतकेच आपण स्वतःलाही विचारले पाहिजे.

आधी हा हिवाळा कसला ते पाहू. कार्तिकाच्या मध्यावर, त्रिपुरारी पौर्णिमेला, सांखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सुटतात. तेव्हापासून पेडणे, डिचोली, सत्तरीच्या देवळांसमोर दशावतारी काल्यांच्या, म्हणजे पहाटेपर्यंत चालणाऱ्या सोंगांच्या खेळांच्या, रात्री सुरू होतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त, नाताळानंतरच्या सोमवारी शिवोलीचा जागर, ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त. म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा भरते. पौषात वाड्यावाड्यांवर बायकांचे धालो रंगतात, माघात कवळ्याची आणि मंगेशीची जत्रा येते. जत्रेत खाज्यांचे ढीग लागतात आणि देवळाच्या मंडपात रात्री मराठी नाटक उभे राहते, ज्याच्या तालमी गावातल्या मुलांनी महिनाभर केलेल्या असतात. किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर हे सगळे घडत असते. तरीही इथे दोन-दोन महिने राहिलेल्या कित्येक स्वयंसेवकांना यातले एकही नाव माहीत नसते. त्यांना सांगितलेला गोवा हणजूण ते हरमलच्या वाळूच्या पट्टीत संपतो. हे अज्ञान त्यांनी एकट्याने कमावलेले नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ही माणसे मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च याच काळात येतात. ज्या भटक्या कुत्र्यांसाठी ती राबतात ती जुलैतही असतात, आजारी पडतात. किनाऱ्यावर कचरा तर पावसाळ्यातच जास्त येऊन पडतो. गरज बारमाही आणि मदत मात्र मोसमी, हे चित्र डोळ्यांत खुपते. उत्तर युरोपात डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला काळोख पडतो. त्या काळोखातून उन्हात येण्याची ओढ या सेवेत मिसळलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेतूत दुसरे काही मिसळलेले असले की तो खोटा ठरतो काय? तसे असेल तर गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले एक मोठे पान आपल्याला फाडून टाकावे लागेल.

१९४६ च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया असोळणे गावी आले ते विश्रांतीसाठी. लाहोरच्या किल्ल्यातल्या छळाने प्रकृती ढासळलेली होती, एप्रिलमध्ये सुटका झाली होती, आणि बर्लिनमधल्या शिक्षणाच्या दिवसांपासूनचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी त्यांना हवापालटासाठी आपल्या घरी बोलावले होते. लढा उभारण्याचे ठरवून ते निघालेले नव्हते. पण ते मित्राच्या घरी उतरले, गावात राहिले, आणि त्या घरी माणसे येऊ लागली. साधी सभा घ्यायची, पत्रक छापायचे, चार शब्द जाहीरपणे बोलायचे तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत परवानगी लागते, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकले. १८ जूनला मडगावात त्यांनी बंदी मोडून भाषणाला सुरुवात केली आणि दोघांनाही अटक झाली. तो दिवस आपण आजही क्रांतिदिन म्हणून पाळतो. लोहिया विश्रांतीला आले होते म्हणून त्या दिवसाचे मोल कोणी कमी केले आहे का?

लोहियांची बरोबरी कुत्र्यांच्या निवारागृहात महिनाभर राबणाऱ्या विशीतल्या मुलीशी होत नाही, हे मलाही कळते. लोहिया याच मातीचे, त्यांना इथल्या राजकारणात उतरण्याचा हक्क होता. परदेशी पाहुण्याला तो नाही आणि नसावा. मला त्या प्रसंगातली एकच गोष्ट उचलायची आहे. लोहियांना गोवा कळला तो विश्रांतीच्या तासांत. ओसरीवर बसल्यावर, जेवणानंतरच्या गप्पांत, कोणतेही काम हाती नसताना. हाच माणूस एखाद्या हॉटेलात उतरला असता, दिवसभर समुद्राकडे पाहत प्रकृती सुधारून परत गेला असता, तर त्याला मडगावच्या चौकात उभे राहण्याचे कारण मिळाले असते का? माणसाचा मोकळा वेळ कोणाच्या अंगणात जातो यावर त्याला काय ऐकू येते हे ठरते, आणि त्याला काय ऐकू येते यावर त्याचे काम.

परदेशी स्वयंसेवेची जी जुनी, प्रामाणिक परंपरा आहे तिने हे कधीच ओळखले होते. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या गावात १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस माणसाने निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक गोळा करून घरे बांधायला घेतली. कालचे शत्रू एकत्र राबले आणि एकत्र जेवले तर युद्धाची भाषा बोथट होईल, ही त्यामागची श्रद्धा. हाच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि गावे पुन्हा उभारण्याच्या कामाला लागला. त्याच चळवळीतले परदेशी तरुण पुढे बाबा आमट्यांच्या आनंदवनात विटा-दगड वाहत होते. ज्यांच्या सावलीलाही लोक घाबरत अशा कुष्ठरुग्णांच्या वस्तीत ही मुले राहिली, आणि त्या राहण्याने आजूबाजूच्या गावांची भीती कमी होण्यास जी मदत झाली ती नुसत्या बांधकामाने झाली नसती. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या, परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअरने आपली तीन उद्दिष्टे लिहून ठेवली, त्यांतले फक्त एक प्रत्यक्ष कामाचे. उरलेली दोन एकमेकांना ओळखण्याची. त्या संस्थेमागे शीतयुद्धाचे राजकारण होते आणि १९७६ पर्यंत ती भारतातून बाहेरही पडली, पण सहवास हा सेवेचा भाग आहे ही समज त्या राजकारणापुरती नव्हती.

आपल्याकडे मात्र सेवा करणाऱ्याने कोरडे राहावे अशी अपेक्षा खोल रुजली आहे. त्याने उपाशी असावे, थकलेले असावे, हसताना दिसू नये. ही अपेक्षा परदेशी मुलांपुरती असती तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. तीच आपण अंगणवाडीताईवर लादतो, तीच रात्रपाळीच्या नर्सवर, तीच खेड्यातल्या शिक्षकावर: तुमचे काम पुण्याचे, मग सुट्टी आणि पगार कशाला मागता? जहाजावर नोकरी करणारा आपला तारवटी मुलगा एखाद्या बंदरात उतरून ते शहर फिरून आला, तिथले जेवण जेवला, तर आपण त्याला कामचुकार म्हणत नाही. उलट काय पाहिलेस म्हणून कौतुकाने विचारतो. मग इथे आलेल्या कोणाच्या मुलीने काला पाहिला तर तिची सेवा का विटते?

यानंतरचा आक्षेप इतका जड आहे की तिथे विरोधकांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. मुलांच्या संस्थांत अल्पकाळासाठी येणारे परदेशी स्वयंसेवक नकोत. गोव्याने याची किंमत मोजली आहे. मडगावात अनाथ मुलांचा आधार म्हणून मिरवणाऱ्या फ्रेडी पीटला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली, आणि त्या प्रकरणात परदेशी नागरिकही गुंतलेले निघाले. २००३ चा गोवा बाल कायदा अशाच जखमांतून आला. गुन्ह्याचा भाग बाजूला ठेवला तरी, दर महिन्याला नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते, हे आईबापांविना वाढणाऱ्या मुलाच्या मनावर किती ओरखडे काढत असेल? इथे चांगला हेतू पुरेसा नाही. प्रशिक्षण हवे, पडताळणी हवी, दीर्घ मुक्काम हवा; ते नसेल तर दार बंद असावे. पण या मुद्द्यावरून निष्कर्ष काय काढायचा? बालगृहांचे दार बंद करा, हा. जत्रेचे दार बंद करा, हा नव्हे. मडगावातल्या त्या माणसाविरुद्ध लोक वर्षानुवर्षे गप्प राहिले ते त्याच्या समाजसेवेच्या प्रतिष्ठेमुळे. सेवेभोवती सोवळे उभे करण्याचा हाही एक परिणाम असतो.

रोजगाराचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो, कारण त्यावर कायदा स्पष्ट आहे. वागातोर, हणजूण, हरमलच्या काही हॉस्टेलांत परदेशी मुले फुकट खाटेच्या बदल्यात स्वागतकक्ष सांभाळतात, बार चालवतात आणि त्याला स्वयंसेवा म्हणतात. ती स्वयंसेवा नाही. ती पेडण्याच्या नाहीतर बार्देशच्या मुलाची नोकरी आहे, जी मालकाने एका खाटेत विकत घेतली. भारताचा पर्यटक व्हिसा जास्तीत जास्त एक महिन्याच्या स्वयंसेवेला मुभा देतो, आणि त्याबद्दल पैसे किंवा अन्य कोणताही मोबदला घेता येत नाही. खाट हा मोबदलाच आहे. या प्रकाराविरुद्ध जे बोलतात त्यांच्या बाजूला मी उभा राहीन. पण गंमत म्हणून नव्हे, तर गंभीरपणे त्याच नियमाकडे पुन्हा पाहा. स्थळदर्शन, योगाचा छोटा वर्ग, स्थानिक भाषा, संगीत, नृत्य, स्वयंपाक शिकण्याचे अल्प मुदतीचे वर्ग आणि महिनाभराची विनामोबदला स्वयंसेवा, हे सगळे सरकारने एकाच व्हिसात बसवले आहे. ज्या मिश्रणाला आपण ढोंग म्हणतो ते आपल्याच नियमांनी योग्य मानले आहे.

आता इतिहासाचा आक्षेप, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी हणजुणेला आले तेही स्वातंत्र्याच्या आणि साधेपणाच्या गोष्टी बोलत. त्यांच्यामागून बाजार आला, बाजारामागून अमली पदार्थ, आणि मासेमाऱ्यांचे किनारे दुसऱ्यांच्या मौजेचे मैदान झाले. ऐंशीच्या दशकात परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने दाबोळी विमानतळावर उतरू लागली तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना रस्त्यावर आली, पर्यटकांच्या बसवर शेण फेकले गेले. त्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, त्या रागामागचे दुःख मात्र खरे होते. स्वयंसेवक हे त्याच वरातीतले नवे वऱ्हाडी, असे आज कोणी म्हणाले तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण त्या साठ वर्षांच्या अनुभवातून नुकसान नेमके कशाने झाले ते शोधा. पाहुण्यांनी इथे आनंद घेतला म्हणून किनारे गेले नाहीत. पाहुण्यांसाठी एक वेगळा, गावापासून तोडलेला आनंद बांधून काढला म्हणून गेले. त्या आनंदात गावाचा माणूस यजमान राहिला नाही, वाढपी झाला.

मोरजीचा किनारा याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात तिथे रात्री वाळूत चढून अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात, कारण निसर्गात रात्री सर्वांत उजळ दिसतो तो समुद्र. आता मागे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींचे, दिवे पेटलेले असले की पिल्ले समुद्राकडे पाठ करून दिव्यांकडे सरपटतात आणि मरतात. कासवांच्या राखणीसाठी आलेला स्वयंसेवक रात्रीची मौज त्या दिव्यांखाली करत असेल, तर त्याचा मोकळा वेळ त्याच्या कामाचा उघड शत्रू आहे. तोच स्वयंसेवक ती रात्र चार कोस आत, एखाद्या देवळासमोर चटईवर बसून संकासुराचे सोंग पाहण्यात घालवत असेल तर? मौज दोन्ही ठिकाणी आहे, जागरण दोन्ही ठिकाणी आहे. मौजेला सरसकट नावे ठेवणाऱ्याला हा फरक दिसूच शकत नाही, आणि पाहुण्याचे सगळेच गोड मानणाऱ्यालाही नाही.

कामाच्या बाजूनेही हेच दिसते. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, असे जाहीर होणारे देशातले पहिले राज्य. त्यामागे इथले पशुवैद्यक, सरकारी खाते, गावोगावचे कार्यकर्ते आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक अशा सगळ्यांचे कष्ट होते. ही लसीकरणे घरोघर जाऊन करायची असतात. अंगणातला कुत्रा बाहेर काढून देणारी म्हातारी आधी समोरच्याचा चेहरा पाहते. जो चेहरा तिने देवळाच्या पायरीवर किंवा फेस्ताच्या गर्दीत पाहिलेला आहे, त्याच्यासाठी दार लवकर उघडते. हे कोणत्या अहवालात सापडणार नाही, पण वाड्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा.

आमच्यातूनच येणारा एक आक्षेप राहतो. धालोंचा मांड, म्हणजे ते खेळण्याची ठरलेली जागा, पवित्र असतो. पौषातल्या रात्री बायका समोरासमोर दोन रांगा करून गातात, डुलतात, ते कोणाला दाखवण्यासाठी नसते. तिथे परदेशी माणूस मोबाइल उगारून उभा राहिला की व्रताचा तमाशा होतो, असे आमच्या काही वडीलधाऱ्या बायका म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. म्हणून तर मी अटींची गोष्ट करतो. काला सर्वांसाठी खुला आहे, नाटक खुले आहे, जत्रा खुली आहे. मांड खुला असेलच असे नाही, आणि तो आहे की नाही हे मांडावरच्या बायकांनीच ठरवायचे. आमच्या वाड्यावर एका काकींनी अशाच एका परदेशी मुलीला चपला काढायला लावल्या, मोबाइल पिशवीत ठेवायला सांगितला आणि स्वतःच्या शेजारी जमिनीवर बसवले. ती तासन्‌तास मुकाट बसली. यात कोणाचे काय बिघडले? याउलट धालो आणि फुगडी मांडावरून उचलून ध्वनिक्षेपकांसमोर, पाच मिनिटांच्या सादरीकरणात, पाहुण्यांसमोर आणली ती आपण. शिगम्याचे चित्ररथ शहरांच्या रस्त्यांवर पर्यटकांसाठी फिरवतो तेही आपणच. परंपरेच्या विटंबनेचा दोष बाहेरच्या माणसावर टाकण्याआधी हा हिशेब द्यावा लागेल.

पाहुण्याकडूनही मागायचे ते मागितलेच पाहिजे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि काळ इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा. त्या हेतूचे गोडवे मी गाणार नाही. तरीही तो इथली भाषा शिकला, ओवी शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापले गेलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठीत आहे. आपल्याला बदलायला आलेल्या माणसालाही आपल्या ओवीपाशी यावे लागले. मग आपल्याला मदत करायला आलेल्याने महिनाभरात वाड्याचे नाव नीट उच्चारावे, घरातल्या बाईला काकी म्हणावे, काल्यात आता कोणते सोंग येणार हे शेजारच्या पोराला विचारावे, ही अपेक्षा जास्त आहे का?

पण विचारायला शेजारी पोरगा तर हवा. आपण या मुलांना खोल्या भाड्याने देतो, स्कूटर भाड्याने देतो, आणि मग त्यांना आपला गोवा कळत नाही म्हणून कुरकुरतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचेच जेवतात, त्यामुळे कासव जगले तर घराचे चालते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोरजीच्या टेंबवाड्यावर रात्री घरट्यांची राखण करणारे आमचेच लोक आहेत. त्यांच्यासोबत पहाऱ्याला बसणाऱ्या मुलीला सकाळी त्यांच्याच घरची पेज का मिळू नये? तिच्या संस्थेने कामाच्या अटी लिहिताना आठवड्याची सुट्टीही लिहावी आणि त्या दिवसापुरते तिला एका घराशी जोडून द्यावे. देवस्थानच्या समितीने काल्याची तारीख त्या संस्थेला कळवावी, आणि मांडाचे नियमही त्याच कागदावर द्यावेत. याला योजना लागत नाही, निधी लागत नाही. दोन माणसांनी एकमेकांना फोन करावा लागतो. आणि ती रात्रभर काल्याला बसली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी तिच्या सेवेवर बोट ठेवलेच, तर त्या माणसाला मी एवढेच विचारीन: तुम्ही स्वतः शेवटचे कोणत्या काल्याला पहाटेपर्यंत बसला होता?